डावीकडे झुकलेली गाडी

भावोजींनी गाडी फाटकातून आत घेतली तेव्हा मी गॅरेजच्या खड्ड्यात उभी राहून एका टेम्पोचं ऑइल काढत होते. मान वर केली आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो, "अरे देवा!" एका हातात भरलेली बादली घेऊन चालणारा माणूस कलतो ना, तशी ती गाडी डाव्या अंगाला कलली होती. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं. भावोजी मात्र खाली उतरले ते नव्या नवरदेवाच्या ऐटीत.

"काय ठिणगे, कशी वाटली?"

"कलंडलेली वाटली."

"थट्टा पुरे. आधी आतून बघ."

"गाडी आधी खालून बघतात, भावोजी. आतल्या कपाटाचं मी काय करू? त्यावर बसून गाडी चालणार आहे का?"

मला घरात ठिणगी म्हणतात, आणि का म्हणतात ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. हे गॅरेज वडिलांचं. ते गेल्यावर बावीस वर्षं मीच चालवते. गिऱ्हाइकं मला टरकून असतात, पण दुसरीकडे जात नाहीत. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. आयुष्यभर सुतारकाम केलं. बोलणं कमी, हात सोन्याचे, आणि हट्टी एवढे की विचारता सोय नाही. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, तिचा पत्र्याचा सांगाडा काढून टाकला आणि उरलेल्या चॅसीवर लाकडाचं घर बांधायला घेतलं. झोपायला पलंग, ओटा, कपाटं, एवढीशी न्हाणी. चाकांवरचं घर.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ताईमुळे. दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं इतकं आटलं की आता एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा काढते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांत ती अकरा वेळा खाली उतरली, त्यातल्या नऊ वेळा दवाखान्यासाठी. एक दिवस ती भावोजींना म्हणाली, "बाहेर." त्यांनी तिची खुर्ची गॅलरीत नेली. तिनं मान हलवली. "बाहेर. राहायला." झालं. दुसऱ्या दिवशी भावोजी मिनीबस शोधायला निघाले.

आता महिना संपायला बारा दिवस होते. महिनाअखेरीला घर सोडतो असं त्यांनी घरमालकाला सांगूनही टाकलं होतं. पण एक अट भावोजींनी स्वतःच घालून घेतली होती. ठिणगी गाडी तपासेल, ती हो म्हणेल तरच निघायचं. ती नाही म्हणाली तर नाही.

म्हणजे किल्ली माझ्या हातात होती. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला नाहीच म्हणायचं होतं. गॅरेजच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर, एक पायरीसुद्धा नाही. या, माझ्याकडे राहा, म्हणून दोन वर्षं मी घसा कोरडा केला होता. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई चौदाची. तिनं माझी वेणी घातली, मला शाळेत सोडलं, माझी धुलाईही केली. मला तिच्याशिवाय कोणी नाही. ती गावोगाव फिरणार आणि मी इथे नटबोल्ट मोजत बसणार, हे मला सहनच होत नव्हतं. तेव्हा मी त्या गाडीखाली शिरले ती दोष सापडू दे म्हणून मनातल्या मनात हात जोडत. माझ्यासारख्या मेकॅनिकला हे शोभत नाही, पण शिरले.

आणि दोष सापडेना!

चॅसी म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब लोखंडी तुळया, मध्ये आडव्या पट्ट्या, आडवी टाकलेली शिडीच समजा. वरचं घर कितीही सुंदर बांधा, ही शिडी गंजली असेल तर सगळं फुकट. मी हातोडीनं इंचइंच वाजवून बघितली. खणखणीत. गंजाचा एक खपला पडेल तर शपथ. मग इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. वडिलांनी शिकवलेली पद्धत. आत कुठे ठकठक असेल तर कानात येते. जुनं डिझेल इंजिन, पण आवाज एकसारखा, समाधानी माणसाच्या घोरण्यासारखा. मला त्या इंजिनाचा राग आला.

मग मागच्या डाव्या चाकाशी पोचले. तिथे पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. सगळा भार तीच झेलते. उजवी कमान छान वर उचललेली होती. डावी पार सपाट झाली होती, आणि तिच्या मधल्या पट्टीला केसाएवढी चीर.

"सापडलं!" मी खालून ओरडले. एवढ्या आनंदानं ओरडले की माझी मलाच लाज वाटली.

पहिले तीन दिवस मी भावोजींना गाडीची देखभाल शिकवण्यात घालवले. हो की नाही ते नंतर ठरेल, पण शिकणार म्हणून ते हटूनच बसले होते. विद्यार्थी म्हणून अगदी अवघड. वही आणा म्हटलं तर प्लायवूडचा तुकडा घेऊन आले आणि कानामागची पेन्सिल काढून त्यावर लिहू लागले. ऑइलची पट्टी बाहेर काढली की ती फडक्यानं इतकी मायेनं पुसायचे की मला म्हणावं लागलं, "अहो, पॉलिश नाही करायचं, परत आत घालायचीय." फॅनबेल्ट बोटानं दाबून बघायला सांगितला तर म्हणाले, "किती दबला पाहिजे? मापानं सांग."

"एक बोटभर."

"कोणाचं बोट? तुझं की माझं?"

चाक बदलताना त्यांनी नट ओळीनं आवळायला घेतले, एकाशेजारी एक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "समोरासमोरचे, भावोजी! आधी हा, मग त्याच्या समोरचा! नाहीतर चाक तिरकं बसतं. बिजागऱ्या बसवताय का?" त्यांनी नट सैल केले, पुन्हा समोरासमोर आवळले आणि प्लायवूडवर लिहिलं, 'समोरासमोर. ठिणगी ओरडते.'

चौथ्या दिवशी मी गाडी वजनकाट्यावर नेली. नुसता पाटा बदलून काय होणार? तो एकाच बाजूचा का बसला, ते कळायला हवं. काटेवाल्याशी जुनी ओळख आहे. त्याला सांगून मी आधी फक्त डावी चाकं काट्यावर घेतली, मग फक्त उजवी. उजव्या बाजूपेक्षा डावीकडे पाचशे चाळीस किलो जास्त! काटेवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "उस्ताद, डावीकडे काय हत्ती बांधलाय का?"

परत येऊन मी गाडीत शिरले, आठ महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. ओटा डावीकडे. गॅस, सिंक, फ्रीज डावीकडे. सगळी कपाटं डावीकडे. त्यांच्याखाली पाण्याची टाकी, ती पण डावीकडे, तिच्याशेजारी दोन बॅटऱ्या, मागे स्टेपनी. आणि उजवीकडे काय? भिंतीला एक लाकडी दांडी. बस.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत? अर्धी कपाटं आणि ओटा उचलून उजवीकडे घ्या."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ओटा हलणार नाही. कपाटं हलणार नाहीत."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

मी समजावलं. नवा पाटा घातला तरी सहा महिन्यांत तोही बसेल म्हटलं. वळणावर एवढा भार एका बाजूला गेला तर गाडी आवरायची नाही म्हटलं. ते खाली बघत उभे. मला वाटलं, सुताराचा गर्व. आपलं काम कोणी हलवायचं नाही, मग जीव गेला तरी चालेल. आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"स्वतःच्या कपाटांपायी तुम्ही माझ्या बहिणीला दरीत घालायला निघालात!"

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला चाकाचा पाना त्यांनी हळूच बाकावर ठेवला, शेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि पायी घरी निघून गेले.

मला झोप लागली असं मी सांगणार नाही. पण मी माझं म्हणणं सोडलंही नव्हतं. सकाळी गॅरेज उघडलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि गाडीत शिरले. ते काढत नाहीत तर मीच काढते, बघू काय करतात!

ओट्याशी एक स्टूल होतं, जमिनीला पक्कं ठोकलेलं, बसायची फळी गोल फिरणारी. खालचे स्क्रू काढायला सोपं पडेल म्हणून मी त्यावर बसले. गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड होतं. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. डावा हात सहज बाजूला टेकवला, तर तो नळावर पडला. नळाला आडवा दांडा, बोटानं ढकलला की पाणी. मी पुढे हात नेला, तर गॅसचं बटण. खाली नेला, खण. खणाची मूठ मध्यभागी नव्हती, डाव्या हाताची बोटं जिथे पोचतात तिथे होती. मी खण ओढला. आत डबे, पण फिरकीचं झाकण एकालाही नाही. सगळ्यांना लाकडी झडप, अंगठ्यानं उघडणारी. त्यांच्याखाली भाजी चिरायची फळी, आणि तिच्यातून दोन खिळे टोकं वर करून आलेले. आधी वाटलं, चुकून राहिलेत. मग कळलं. त्या खिळ्यांवर बटाटा रोवायचा, म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही.

मी उठून उजवीकडची ती दांडी बघितली. ओट्याकडून मागे पलंगाकडे जाताना डावा हात बरोबर तिच्यावर पडत होता. जमिनीपासून तिची उंची ताईच्या मनगटाएवढी, माझ्या नाही. आणि लाकूड एवढं घासलेलं की हाताला रेशीम लागावं.

पाच मिनिटं मी त्या गाडीत होते आणि माझ्या उजव्या हाताला काही कामच पडलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर धरून तो नुसता लोंबत होता. मी परत स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले. कोणाला काय काय बोलले होते मी!

भावोजी नऊ वाजता आले. दारातच थांबले. माझे डोळे बघितले, हातातला स्क्रूड्रायव्हर बघितला, मग ओट्याकडे बघितलं, सगळं जागच्या जागी आहे ना म्हणून.

"सांगितलं का नाहीत?" मी ओरडले. हो, ओरडलेच. मला रडतानाही ओरडताच येतं.

"तिनं घातलीय शपथ. कोणाला सांगायचं नाही. लोक कीव करतात म्हणते. तीन दिवस लागले तिला एवढं सांगायला." ते पायरीवर टेकले. "ओट्याची उंची घ्यायची होती तेव्हा तिला घरी खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले. म्हटलं, हात सहज जातो तिथे जाऊ दे. जाईल तिथे भिंतीवर खूण केली. चौसष्ट खुणा आहेत आमच्या भिंतीवर. घरमालक ओरडणार आहे."

मी म्हटलं, "काल बोलले ते..."

"राहू दे. तू बोलतेस म्हणून तर बरं आहे. आमच्या घरात कोणीच बोलत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "मग, नाही म्हणतेस ना?"

कालपर्यंत मला हेच हवं होतं. आता मात्र म्हणवेना. नाक पुसलं आणि म्हटलं, "तिचा हात जिथे जातो ते काही हलवायचं नाही. पण भावोजी, पाण्याच्या टाकीला ती कधी हात लावणार आहे का?"

"नाही."

"बॅटऱ्यांना? स्टेपनीला?"

त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मग ते सगळं उजवीकडे, जमिनीखाली, चॅसीला टांगू. टाकी भरलेली एकशेसाठ किलो, बॅटऱ्या साठ, स्टेपनी पन्नास. दोनशे सत्तर झाले. डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला की एक किलो दोनदा मोजला जातो. इकडे एक कमी, तिकडे एक जास्त. म्हणजे पाचशे चाळीस. हिशेब बरोबर."

भावोजींनी प्लायवूड काढून ते लिहून घेतलं.

चार दिवस आम्ही खपलो. मी चॅसीला आडवे लोखंडी अँगल लावून टाकीसाठी पाळणा केला, पाइप जमिनीखालून पलीकडे नेले, बॅटऱ्यांची पेटी टांगली. मागचा डावा पाटा उतरवून चिरलेली पट्टी बदलली, कमानीला पुन्हा बाक दिला. पाचव्या दिवशी दुपारी जॅक खाली घेतला. गाडी चारी चाकांवर टेकली आणि सरळ उभी राहिली. अगदी सरळ! मी टायरपासून वरपर्यंत टेप लावून दोन्हीकडची उंची मोजली. एका सुताचा फरक नाही. मी कमरेवर हात ठेवून ऐटीत उभी राहिले.

तेवढ्यात आतून आवाज आला. खट्. मग आणखी एक, खट्. मग खटखट खटखट.

आम्ही दोघं धावत आत गेलो. ओट्याखालचे सगळे खण आपोआप बाहेर आले होते. कपाटाची दारं उघडून लोंबत होती. चहाचं भांडं गॅसवरून घसरून सिंकमध्ये पडलं होतं. भावोजींनी खिशातून लेव्हल काढली, ओट्यावर ठेवली. आतला बुडबुडा पळत पळत एका टोकाला जाऊन बसला.

मग त्यांनी गुडघ्यावर बसून ओट्याखाली हात घातला आणि एक लाकडी पाचर काढली. मग दुसरी. शेवटच्या कपाटाखालची दोन बोटं जाड होती.

माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ महिने हे डावीकडे एकेक जड वस्तू बसवत होते, तशी गाडी डावीकडे बसत होती. आणि दर वेळी आमचे सुतारबुवा लेव्हल लावायचे, कपाट तिरकं दिसलं की खाली पाचर मारायचे. पुढचं कपाट, आणखी जाड पाचर. बुडबुडा मध्यभागी आला म्हणजे जग सरळ! खाली गाडीच वाकडी होतेय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता मी गाडी सरळ केली आणि तिच्यातलं अख्खं घर वाकडं झालं.

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की रोज रोज पाचर का लागतेय?"

भावोजी अपराधी चेहरा करून म्हणाले, "मला वाटलं, जमीन मीच वाकडी घातली. लाज वाटली म्हणून कोणाला बोललो नाही."

मी हसायला लागले. ओट्याला धरून हसले, पोट दुखेपर्यंत. पहिल्यांदा ते रागावून बघत होते, मग त्यांच्या मिशीला कंप सुटला, आणि मग तो कमी बोलणारा माणूस जमिनीवर बसून, हातात पाचर घेऊन, खो खो हसला. दोन वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

तीन दिवस उरले होते. एकेक कपाट सोडवून आम्ही पाचरी काढल्या. एकोणतीस निघाल्या. भावोजी घरून भिंतीवरची मापं कागदावर उतरवून घेऊन आले आणि प्रत्येक मूठ, प्रत्येक खण पुन्हा ताईच्या हाताच्या उंचीवर बसवला. यावेळी गाडी सरळ आहे का, हे ते दर वेळी आधी मला विचारायचे.

पहिली तारीख उजाडली. मी आणि भावोजींनी ताईला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. घर रिकामं झालं होतं, सामान गाडीत. "आधी मी थोडी चालवून बघते," मी म्हटलं, "मगच हो म्हणेन." भावोजी मागे बसले. ताई माझ्याशेजारी. माझी पान्यांची पिशवी मी तिच्या पायाशी टाकली आणि निघाले.

गावाबाहेर पडलो. गाडी लोण्यासारखी चालत होती. "चढावर बघायला हवं," मी म्हटलं. चढ आला, गाडी हूं की चूं न करता चढली. "आता उतारावर ब्रेक बघते." उतार झाला. "वळणं बघू." वळणांवर गाडी दोन्हीकडे सारखी झुकून सरळ होत होती. तरी मी थांबले नाही. म्हटलं, इंजिन नीट तापू दे. म्हटलं, पुढचा रस्ता खराब आहे, तिथे बघू. मागून भावोजी एकदा खाकरले. पस्तीस किलोमीटर झाले होते.

एका मोठ्या झाडाखाली मी गाडी उभी केली. म्हटलं, जरा गार होऊ दे. ताई सीटवरून उठली. मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. हळूहळू मागे गेली, आधाराला धरत, पाय ओढत, आणि स्टुलावर बसली. खणातून सफरचंद काढलं, फळीवरच्या खिळ्यांवर रोवलं, सुरी घेतली. सुरी घसरली. मी उठले. भावोजींनी मागून माझी कॉलर धरून मला खाली बसवलं. "बस गप," कानात म्हणाले.

किती वेळ लागला कोण जाणे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. वाकड्यातिकड्या फोडी झाल्या. पहिली फोड तिनं डाव्या हातानं माझ्यापुढे धरली. मी ती तोंडात टाकली.

"ठिणगे," ती म्हणाली, "उतर आता."

"अगं, थोडं पुढे..."

"उतर. तुला परत... लांब पडेल."

"ताई, वाटेत काही झालं तर? हे नुसते सुतार आहेत. इंजिन बंद पडलं तर? बेल्ट तुटला तर?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ शब्द शोधत होती. मग एकेक करून काढले. "होईल काहीतरी. होतंच. मग थांबू. उघडून... बघू."

मी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचं हेच तर करत आलेय. मी किल्ली भावोजींच्या हातात दिली आणि म्हटलं, "हो." त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून परत मोठ्यानं म्हटलं, "हो म्हणतेय मी! जा!" आणि उतरले.

गाडी निघाली. दुसरा गिअर जरा कचकन पडला, मग सावरला. ताई पुढच्या सीटवर परत येऊन बसली होती; तिचा डावा हात खिडकीतून बाहेर आला होता, तो वळणापर्यंत दिसत होता. गाडी दिसेनाशी झाल्यावरही मी इंजिन ऐकत उभी होते. त्यात दोष नव्हता आणि मी शोधतही नव्हते.

मग रस्त्याच्या कडेनं गावाकडे परत चालायला लागले. रडत होते, चिडत होते, स्वतःशी बडबडत होते. अर्धा किलोमीटर गेले असेन, तेव्हा हात रिकामे आहेत हे लक्षात आलं. वडिलांच्या हातचे पाने, बावीस वर्षं मी वापरलेले, सगळे त्या गाडीत! फोन लावला. ताईनं घेतला.

"ताई, थांबवा गाडी! माझी पान्यांची पिशवी राहिली तुझ्या पायाशी!"

"माहितीय," ती म्हणाली. "मी... पाय ठेवला. वर."

"म्हणजे? मुद्दाम?"

"न्यायला ये."

मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. हा काय वात्रटपणा आहे म्हटलं, पान्यांशिवाय मी उद्या गॅरेज कसं उघडू म्हटलं, लहान आहेस का म्हटलं. ती पलीकडे हसत होती. तिचं तिरकं, अर्ध्या तोंडाचं हसणं मला फोनमधूनही दिसत होतं. मी ओरडून ओरडून दमले, आणि मग विचारलं, "कुठे येऊ?"